पाचवा गडी

"काका मेले," हेडफोनमध्ये कॅप्टन म्हणाली आणि बाकीची तिघं खदाखदा हसली. दातांचे डॉक्टरही हसले. गेममध्ये सगळ्यांच्या आधी मरायचा मान रोज त्यांचाच. वय अठ्ठावन्न, बोटं जड, शत्रू दिसेपर्यंत गोळी आरपार. पण पोरं गुणी हो. कॅप्टन अवघी एकोणीस वर्षांची, कधी वाकडा शब्द नाही. दुपारी चारच्या ठोक्याला बोलवायचीच. "काका, तुमच्याशिवाय टीम नाही आपली."

डॉक्टरांना भरून यायचं. घरात जेवायलासुद्धा त्यांना कुणी इतक्या अगत्याने हाक मारत नव्हतं. एवढ्या मायेला लायक व्हायचं, असं त्यांनी मनावर घेतलं.

मग काय विचारता. दोन महिने, पोरांना पत्ता लागू न देता, नुसता सराव. एका पेशंटला आ करायला सांगून फोन घेऊन बसले, तर त्याच्या तोंडात कोळ्याने जाळं विणलं. अंगठ्याला असा घट्टा पडला की त्याने खिळा ठोकावा. बायको गाल धरून म्हणाली, "अहो, माझी दाढ बघता का जरा?"

"ही लेव्हल होऊ दे."

दाढ बिचारी वाट बघून बघून आपणहून पडली.

आणि काल दुपारी चौघं पोरं आडवी झालेली असताना एकट्या काकांनी समोरचे पाचही जण लोळवले. डॉक्टर शाबासकीची वाट बघत बसले.

"काका, सराव केलात का तुम्ही?" कॅप्टनने विचारलं.

"थोडासा," डॉक्टर लाजले.

"वाट लावलीत. अहो, टीमची सरासरी बघून गेम समोरचे गडी देतो. तुम्ही ढ होतात म्हणून आपल्याला लिंबूटिंबू मिळायचे. आता वाघ येतील. उद्यापासून तुम्ही नको."

डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. "असं नको गं करू. सांगशील ते करतो."

कॅप्टनने जरा विचार केला. "तुमच्याहून म्हातारं कुणी आहे ओळखीत? आणलंत तर आमच्यातल्या एकाला काढते. तुम्ही राहा."

"थोरला भाऊ आहे. त्र्याहत्तरचा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू."

"मस्त. दिसतं कितपत?"

"माणूस आणि खांब सारखाच. पण मंगळवारी ऑपरेशन आहे त्याचं."

"मग दिसायला लागेल की त्यांना," कॅप्टन म्हणाली.

"पुढे ढकलायला सांगतो," डॉक्टर म्हणाले.