तोच राजा, तोच सिंह

शंभरीतला कॅनडाचा माजी सैनिक लॅपटॉपवर महायुद्धाचं पदक दाखवून हसला. अशा मुलाखतींना सबटायटल्स देणं हे मंजुषाचं काम, आज ऐरोलीच्या ऑफिसऐवजी घरूनच चाललेलं. तो म्हणाला, “कॅनडानं आम्हाला चांदीचं दिलं. बाकीच्या देशांतल्या सैनिकांना नुसतं चांदीसारखं दिसणारं.” मंजुषानं ते आजीला मराठीत सांगितलं. आजीनं ट्रंकेतून त्याच महायुद्धात इटलीत लढलेल्या सासऱ्यांचं पदक काढलं. दोन्हींवर इंग्रजांचा तोच राजा, तोच सिंह. “माझ्या जोडव्यांसाठी मामंजींनी हे मोडायला दिलं, तर सोनार म्हणला, ही चांदी न्हाई. मामंजींनी त्याला भर बाजारात चोर ठरवलं. म्हणले, तूच बदललंस; राजा फसवायचा न्हाई.” आजी पदकावरच्या राजाकडं बघत राहिली. “मुकुट घालून फसवलंस, आन् शिव्या खाल्ल्या आमच्या सोनारानं.” लॅपटॉपचं टेबल कधीपासून डुगडुगत होतं. राजाचं तोंड फरशीला लावून आजीनं पदक टेबलाच्या पायाखाली सरकवलं. “बस हितं.”