जुन्या पासपोर्टवरचा शिक्का

सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी डार्मश्टाटच्या घरात यशपालने कपाटाचं कुलूप काढून जुना भारतीय पासपोर्ट हातात घेतला.

जर्मन नागरिक झाल्यावर तो भारतीय वकिलातीत जमा करायचा असतो. त्याने दोन वर्षं लपवून ठेवला होता. गेल्या महिन्यात नागपूरला आई वारली, तेव्हा या चोरीपायीच भारताचा व्हिसा मागायची त्याची हिंमत झाली नाही. बहिणीचे, क्रांतीचे, फोनही त्याने उचलले नाहीत.

आज तो पासपोर्ट जमा करायला निघाला होता. सहज पानं चाळली. शेवटच्या पानावर भारतात उतरल्याचा शिक्का होता. तारीख आईच्या अंत्यविधीच्या आदल्या दिवसाची होती.

परतीचा शिक्का कुठेच नव्हता.

त्याने फोन लावला. "ताई, माफ कर. मी यायला हवं होतं."

"यशा, आतल्या खोलीतून फोन कसला करतोस? बाहेर ये की!" क्रांती हसली. "खांदा दिलास, आईच्या जलदानविधीला भंतेजींसमोर बसलास. महिनाभर मान वर केली नाहीस, आणि आता फोनवर माफी?"

"ताई, मी जर्मनीत आहे."

तिचं हसू थांबलं. पावलं ऐकू आली, मग दार करकरलं.

"ताई, कोणाचा फोन आहे गं?" तिकडून विचारलं गेलं. आवाज यशपालचाच होता.

क्रांती हळूच म्हणाली, "कोणाचा नाही रे," आणि तिने फोन ठेवला.