त्र्याऐंशी रांगा

खोटं बोलत असेन, तर माझी उरलीसुरली दाढ पडो! नातवाच्या लग्नात ग्रुप फोटोसाठी सुनेने मला सगळ्यात वरच्या पायरीवर पिटाळलं. म्हणे, "आई, तुम्हाला काय, कुठेही चालतं." मी गुपचूप खोलीत गेले आणि आतून कडी लावली.

फोटोग्राफर भलताच शिस्तीचा. दोन्हीकडची माणसं एका रांगेत मिसळायची नाहीत आणि सगळ्या रांगा सारख्या हव्यात. आमची माणसं अठ्ठेचाळीस, त्यांची छत्तीस. मसावि बारा, म्हणून बारा-बारा जणांच्या सात रांगा. पायऱ्याही मोजून सातच. पण मी उठून गेले आणि आमची राहिली सत्तेचाळीस!

दारावर धडाधड थापा पडल्या. "आजी, बाहेर या हो! आता मसावि एक येतोय!" फोटोग्राफर रडकुंडीला आला होता. "एकेका माणसाच्या त्र्याऐंशी रांगा होतील. एवढ्या पायऱ्या कुठून आणू?"

"पहिल्या पायरीवर उभी करणार का?" मी आतूनच विचारलं.

"करते, आई, करते! पण या!" सून ओरडली.

मी पदर सावरत ऐटीत पहिल्या पायरीवर जाऊन उभी राहिले. फोटोग्राफरने पुन्हा माणसं मोजली आणि तो मटकन खालीच बसला. "आता त्यांची पस्तीस कशी?"

नवरीच्या आजीने खोलीला आतून कडी लावली होती. शाळेत मसावि शिकताना आम्ही दोघी एकाच बाकावर बसायचो.