देवघराची भिंत

“आजींना आता उकिडवं बसू द्यायचं नाही. कधीच नाही.” नागपूरच्या डॉक्टरांचं हे बोलणं सुचिताच्या कानांतून जात नव्हतं. खुब्याचं ऑपरेशन करून सासूबाईंना पांढुर्ण्याला घरी आणलं, तेव्हापासून त्यांच्या पलंगाखाली भांडं होतं. त्या भांड्याच्या धास्तीनं मनकर्णाबाईंनी पाणी पिणंच सोडलं होतं. दुपारनंतर ओठाला घोट लावत नसत. परसातला संडास लांब, आणि तोही उकिडवं बसायचा.

म्हणून न्हाणीघरात कमोड बसवायचा ठरला होता. लोधीखेड्याचे हेमराज मिस्त्री सकाळीच आले होते. विटेच्या तुकड्यानं फरशीवर चौकोन काढत होते, पायानं पुसत होते. सुचिताचा नवरा वीरेंद्र दारात उभा राहून मोबाइलवरचे फोटो दाखवत होता.

“दाराजवळ घ्या ना.”

“दाराजवळ घेतलं तं आईचा वॉकर कुठून वळन, भाऊ?”

“मंग खिडकीखाली.”

“मंग दार लागत नाही. आईनं काय दार उघडं ठेवून बसावं?”

एक भिंत उरत होती. तिचं नाव दोघंही काढत नव्हते. तिच्या पलीकडे देवघर होतं आणि देवघरात सुचिता जप करत बसली होती. माळ पुरी झाल्याशिवाय ती पाण्यालाही शिवत नाही, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

“नाही बसत,” हेमराज उठत म्हणाले. “परसातच नवीन बांधू. आईले धरून नेत जा.”

माळ डोळ्यांना लावून सुचिता बाहेर आली. भिंतीपलीकडचं सगळं तिला ऐकू आलं होतं. तिनं रांगोळीचा डबा घेतला, मिस्त्रींच्या हातातला टेप मागून घेतला आणि अंगणात बसली.

“हे काय मांडून राहिली?” वीरेंद्रनं विचारलं.

“न्हाणीघर. आईंले बोलवा.”

मनकर्णाबाई वॉकर टेकत टेकत अंगणात आल्या, तेव्हा तिथे न्हाणीघर होतं तेवढंच उतरलं होतं. चार रेघांच्या चार भिंती, दाराची मोकळी जागा, एका कोपऱ्यात आंघोळीचा पाट. आणि एका रेघेला पाठ लावून प्लास्टिकची खुर्ची.

“आज कोणता सण हाये वो?”

“या आई. दारातून या, भिंतीवरून नका येऊ.”

म्हातारीला हसू फुटलं. मग तिनं ते मनावर घेतलं. दारातून आत शिरली. वॉकर वळवला. एकाही पायाला रेघ लागली नाही. खुर्चीशी पाठ केली, हातांवर भार दिला आणि बसली.

उठताना मात्र हात थरथरू लागले. वीरेंद्र पुढे धावला, तशी सुचितानं त्याची बाही धरली.

“अहो, दार लागलं हाये. आत बाईमाणूस हाये.”

वीरेंद्र रेघेबाहेर थांबला. हेमराजांनी तोंड फिरवून घेतलं. मनकर्णाबाईंनी दात आवळले, एकदा पुन्हा खाली टेकल्या, आणि मग उठल्या. एकट्या उठल्या. उभं राहिल्यावर पहिलं वाक्य त्या म्हणाल्या, “पाणी आण वो. मोठा गिलास आण.”

गिलास अर्धा झाला आणि त्यांची नजर खुर्चीमागच्या रेघेवर गेली. तिथून घराकडे.

“हे भिंत कोणती होय?”

वीरेंद्र मोबाइलमध्ये बघू लागला.

“हिच्या पल्याड तं देव हायेत.” त्यांनी गिलास सुनेच्या हातात परत दिला. “राहू दे बापा. भांडंच बरं.”

“देव पुढच्या खोलीत येतील, आई.”

“माह्या सासऱ्यानं बसवले ते. आजलग कोणी हलवले नाही.”

सुचिताचा आवाज एरवीही मोठा नसायचा. आता तो आणखी खाली आला. “देवाले मी उचलीन, तं देव काही डोळे मिटून घेत नाही. तुम्हाले भांड्यासाठी उचलते, तं तुम्ही लाजून मिटून घेता.”

मनकर्णाबाई सुनेकडे बघत राहिल्या.

“तुले चालते हे?” वीरेंद्रनं विचारलं. “आम्ही तं तुह्याच भेवानं त्या भिंतीचं नाव नाही काढलं.”

“मले विचारलं कोणं?”

हेमराजांनी हसू दाबायला खोकून घेतलं. मनकर्णाबाईंनी हात पुढे करून गिलास पुन्हा मागून घेतला आणि शेवटपर्यंत प्यायल्या. पदरानं तोंड पुसलं.

“मंग ऐक. पहिले देव बसवजो. तिथं त्याइचा दिवा लागू दे. मंगच भिंतीले हात लागन.”

“हो आई. शब्द देते.”

“अन् हेमराज, दाराले आतून कडी लावजो. चांगली मोठी.”

 

हेमराजांनी घण पायरीशी टेकवला आणि शेजारी बसले. सुचितानं पुन्हा आंघोळ केली. पुढच्या खोलीतल्या कोनाड्यातून नवऱ्याचं हेल्मेट आणि चार्जर काढले, ओल्या फडक्यानं कोनाडा स्वच्छ पुसला, आत कोरं वस्त्र अंथरलं. मग देवघरात गेली. रांगत्या बाळकृष्णाला तिनं सर्वांत आधी दोन्ही हातांनी उचललं, पदराखाली धरलं, आणि पाऊल न वाजवता पुढच्या खोलीकडे निघाली.