गुंडोचे हायफन

“हा कंपोझिटर गुंडो काही सुधारायचा नाही,” अण्णा म्हणाले आणि ‘वेल’ आणि ‘नोन’ या दोन शब्दांमध्ये त्यांनी लाल पेनाने आडवी रेघ ओढली.

ते हायफन कोरमंगलाच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत बसून त्यांच्या मुलीने, संहितानेच गाळले होते.

अण्णांनी त्याच शहरातल्या शिवाजीनगरच्या एका छापखान्यात बत्तीस वर्षं इंग्रजी प्रुफं तपासली. गुडघे गेल्यावर ते घरीच तपासत आणि पाकिटांची ने-आण मुलगी करी. गेल्या वर्षी आई गेली आणि त्याच महिन्यात छापखान्याला टाळं लागलं. एक मरण वडिलांनी कसंबसं सोसलं होतं. दुसरं सांगायचा संहिताला धीर झाला नाही. ती जुन्या पुस्तकांतली पानं टाइप करायची, त्यात चुका पेरायची आणि छापखान्यातून आली म्हणून घरी आणायची. एक खोटं झाकायला शंभर लागतात म्हणतात. तिला रोज एक पाकीट लागे.

पाकीट फुटलं की अण्णांना तरतरी येई. “नामाच्या आधी दोन शब्द मिळून एकच काम करत असले, तर त्यांचे हात एकमेकांच्या हातात द्यायचे,” ते सांगत. “नामानंतर आले की हात सोडायचे. मग ज्याचा तो.”

शेवटच्या पानाच्या तळाशी ते अक्षरं जुळवणाऱ्या कंपोझिटरचं नाव लिहीत. छापखान्याची शिस्तच होती तशी, ज्याची चूक त्याच्याकडे पान परत जायचं. तोवर संहिता कॉफी ठेवायला उठलेली असे. परत येईतो पाकीट डिंकाने बंद झालेलं असे. ते उघडून बघणं तिच्या जिवावर येई. सगळी पाकिटं ऑफिसच्या खणात साठत गेली.

एकदा अण्णा म्हणाले, “गुंडोला कुणी रागावू नका म्हणावं. घरात दुःख असलं की माणसाचं लक्ष स्वल्प इकडेतिकडे होतं.”

“सरी अण्णा, बरं, सांगते,” ती म्हणाली आणि कपबशा घेऊन आत गेली. आत जाऊन रडली.

श्रावणात अण्णा गेले. तेरावा उरकून संहिता कामावर आली, तेव्हा तिने पहिल्यांदा तो खण उपसला. अगदी तळाचं, पहिल्या दिवसाचं पाकीट फोडलं. लाल रेघा जागच्या जागी होत्या, एकही सुटली नव्हती. ती शेवटच्या पानावर आली.

तळाशी अण्णांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : कंपोझिटर – संहिता.