देव्हाऱ्यातला नंबर

कुमुदने इंजिनावर कोरलेल्या नंबरावर कागद धरला आणि वरून पेन्सिल घासली. जुन्या मोटारी तपासून दाखला देणं हे तिचं रोजचंच काम. पण आकडे उमटले तशी तिची बोटं थबकली. हा नंबर आरसी बुकातला नव्हता. तरी तिला तो तोंडपाठ होता.

तिचे वडील, आबा, एका शेटजींचे ड्रायव्हर होते. नवी गाडी आली तेव्हा त्यांनी हौसेने तिच्या इंजिनाचा असाच ठसा घेऊन देव्हाऱ्यात ठेवला होता. मग एकदा गणपतीला ते गावी गेले आणि परतले, तर शेटजी दारातच कडाडले, "तेल न बघता इतके दिवस चालवलंस, इंजिन जाळलंस! भंगारात घातलं मी ते." आबांनी पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. रस्त्यात कुणाची गाडी बंद पडली, तरी मान खाली घालायचे.

"इंजिन बदललंय का हो?" तिने समोरच्या गाडीच्या मालकांना विचारलं.

"हो. माझं निकामी झालं, तेव्हा सासऱ्यांनी स्वतःच्या चालू गाडीतलं काढून दिलं. ड्रायव्हरला काय, काहीबाही सांगून घालवून दिलं." मालकांनी हसत गाडी सुरू केली. "ऐका, अजून कसं बोलतंय!"

संध्याकाळी तिने दोन्ही ठसे आबांपुढे शेजारी शेजारी ठेवले आणि सगळं सांगितलं. त्यांचं बोट एकेका आकड्यावरून फिरलं.

"आवाज कसा होता गं?"

"एकदम गोड, आबा. जरासुद्धा खडखड नाही."

त्यांनी तिचा कागद हलकेच बाजूला सारला.

"मग ते नव्हे, पोरी. आपलं तर मी जाळलं होतं."