दुसरा पुरावा

महाराष्ट्रातल्या पाण्यावरचं पाचवीचं प्रदर्शन दहा मिनिटांत उघडणार होतं. इनेझ टीचरांचा नियम होता, प्रत्येक वाक्याला दोन पुरावे: एक कागदाचा, दुसरा ज्याने पाहिलं त्या माणसाचा. क्षितिजाच्या तक्त्यावर लिहिलं होतं, “आमच्या तळमजल्यात दरवर्षी पाणी शिरतं, कारण इमारत बावखल बुजवून बांधली.” खाली जुना नकाशा होता, माणसासाठीची चौकट रिकामी. “तिथे तळं होतं, कोण म्हणतं?” मुख्याध्यापकांनी विचारलं. ती इमारत बांधणारे बिल्डरच आजचे पाहुणे होते. “गावभर विचारलं, सर. कुणी बोलत नाही.” “मग उतरव. नियम तुमच्या टीचरांचाच आहे.” क्षितिजाने एक टाचणी काढली आणि थांबली. “टीचर, तुम्ही याच गावच्या ना?” फाटकात पाहुण्यांची गाडी शिरली. टीचरांनी तक्ता भिंतीला दाबून धरत चौकटीत लिहिलं, “बावखल आमचं होतं. बिल्डरला विकण्यासाठी पप्पांनी त्यात मातीची भरणी केली तेव्हा मी काठावर उभी होते.”